डझनभर जर्सी आणि एक कागद

प्रकरण एका बास्केटबॉलपटूचं आहे. ओळख पटू नये म्हणून त्याचं नाव आणि गाव देत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातला मुलगा, जन्म १९९४ चा, उंची सहा फूट चार इंच, खेळायची जागा रिंगखालची, म्हणजे पोस्टची. मैदानावर त्याला सगळे लंबू म्हणतात, मीही इथे तेच म्हणणार आहे. बारावी करून २०१२ साली तो औरंगाबादला (शहराचं नाव तेव्हा तेच होतं) आमच्या महाविद्यालयात आला. मी तिथला क्रीडा संचालक. त्यामुळे पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

आता त्याने तिशी गाठली आहे. महाविद्यालय, विद्यापीठ, जिल्हा, औरंगाबाद-पुण्याकडचे क्लब, वाळूज आणि चाकणच्या कंपन्या, विदर्भातले एक-दोन हौशी संघ असं सगळं धरलं तर डझनभर जर्सी त्याने अंगावर चढवल्या असतील. खेळ येत नाही म्हणून एकाही संघाने त्याला काढलं नाही. उलट हंगाम आला की फोन यायचे. तरीही ज्या एका गोष्टीच्या आशेवर आपल्याकडचा मुलगा शाळा सुटल्यावरही बॉल सोडत नाही, ती खेळाच्या जोरावरची कायम नोकरी त्याला मिळाली नाही. असं का झालं, एवढाच या टिपणाचा विषय.

आमच्या क्रीडाशिक्षकांच्या वर्तुळात याचं उत्तर तयार असतं: पोरगं पैशाच्या नादी लागलं. मला ते पटत नाही. त्याचा खेळ जिथे पैसे देत होता तिथे कागद, म्हणजे नोकरीला चालणारं प्रमाणपत्र, मिळत नव्हता, आणि जिथे कागद मिळत होता तिथे खिशातून खर्च होत होता. या दोन्हींची ओढाताण चालू असताना त्याची पंचविशी उलटली. आपल्याकडच्या खेळाडूसाठी पंचविशी ही फार वाईट जागा आहे.

तिकडचे फिरस्ते

संघ बदलत जगणारा खेळाडू ही काही मराठवाड्याची खासियत नाही. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये असे शेकड्यांनी झाले. जो स्मिथ, जिम जॅक्सन, टोनी मॅसनबर्ग, चकी ब्राऊन हे चौघे प्रत्येकी बारा संघांकडून खेळले आणि बरीच वर्षं तो विक्रम त्यांच्या नावावर होता. तो इश स्मिथने मोडला. हा जेमतेम सहा फुटांचा गार्ड, म्हणजे बॉल हाताळून खेळ चालवणारा. २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांत, त्याला कोणीच निवडलं नाही. ह्यूस्टनने घेतलं, सोडलं, मग मेम्फिस, मग गोल्डन स्टेट, असं करत करत डेन्व्हर हा त्याचा तेरावा संघ. त्याच डेन्व्हरने २०२३ चं विजेतेपद पटकावलं, तेव्हा हा त्या संघात होता. मुख्य पाच खेळाडूंतला नव्हे, बाकावरचा. पण विजेत्यांना मिळणारी अंगठी ती अंगठीच.

तिथे फिरस्त्यासाठी रीतसर व्यवस्था आहे. जानेवारी उजाडला की दहा दिवसांचा करार करता येतो. एका संघाने एका खेळाडूला हंगामात असे दोनच करार द्यायचे, नंतर ठेवायचं असेल तर उरलेल्या हंगामासाठी सही करायची. एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जने सिम भुल्लरला असाच दहा दिवसांचा करार दिला. सात फूट पाच इंचांचा, कॅनडात वाढलेला, मूळ पंजाबी घरातला हा मुलगा एनबीएच्या मैदानावर उतरलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. खेळला तीन सामने. पुढे तैवानमध्ये खेळला. एनबीएत जागा नसली तर तिच्याखाली 'जी लीग' नावाची स्पर्धा आहे. २०२२-२३ च्या हंगामात तिथला पगार ४०,५०० डॉलर होता. त्यांच्या हिशेबाने फार नाही, पण ठरलेला.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. इश स्मिथ एका संघातून दुसऱ्यात गेला की त्याची नोंद त्याच्यासोबत जाते. किती मिनिटं खेळला, किती पास दिले, किती चेंडू घालवले हे सगळं एकाच दप्तरात आहे, आणि पुढचा मालक तेच दप्तर उघडून बघतो. संघ बदलल्याने त्याचं मागचं काम रद्द होत नाही.

आपल्याकडचे जे चार जण बाहेर गेले, ते बहुतेक उत्तरेतले. बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, २०१५ साली डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडलेला, ड्राफ्टमध्ये निवड झालेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. अमृतपाल सिंग शेतकऱ्याच्या घरातला, आधी कबड्डी खेळायचा. तो जपानमार्गे २०१७ मध्ये सिडनी किंग्जपर्यंत पोचला. अमज्योत सिंग जी लीगमध्ये ओक्लाहोमा सिटी ब्लूकडून खेळला. आणि वाराणसीचा विशेष भृगुवंशी, भारताचा तेव्हाचा कर्णधार. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या संघाने त्याला बोलावलं तेव्हा त्याच्या पाठीशी ओएनजीसी होती. मी पोरांना नेहमी विशेषचंच उदाहरण देतो. आधी नोकरी, मग परदेश. हा क्रम उलटा करून ज्याचं निभलं असा आपल्याकडचा खेळाडू मला तरी माहीत नाही.

माल चांगला होता

लंबू आला तेव्हा त्याला धड ड्रिबल करता येत नव्हतं. आई-बाप कारखान्यावर गेले की हा गावातल्या हंगामी वसतिगृहात राहायचा. तिथे व्हॉलीबॉल होता, म्हणून उडी होती. बास्केटबॉलची रिंग त्याने आमच्याकडे पहिल्यांदा जवळून पाहिली. बाराव्या नंबरचे बूट गुलमंडी-पैठण गेट सगळं पालथं घालूनही मिळेनात, तेव्हा सुरुवातीचे महिने तो कॅनव्हासच्या बुटाचा पुढचा भाग कापून खेळला. आमचं मैदान सिमेंटचं. अठ्ठावीस बाय पंधरा मीटर नुसता दगड म्हणा ना. एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर त्यावर हात टेकवत नाही.

तीन वर्षांत तो स्कोअरर झाला नाही. होणारही नव्हता. पण दुसरी एक गोष्ट त्याला अशी जमली की मी ती त्याआधी आमच्या भागातल्या कोणात पाहिली नव्हती. स्क्रीन लावणं. बघणाऱ्याला हे काम दिसतच नाही. गार्डच्या मागे लागलेल्या बचावपटूच्या वाटेत जाऊन उभं राहायचं, दोन्ही पाय जमिनीत रोवायचे, हात छातीवर आडवे घ्यायचे आणि येणारी धडक अंगावर झेलायची. पाय हलला, कोपर बाहेर आलं, की फाउल तुमच्यावर. लंबूचा पाय हलायचा नाही. धडक बसली की त्याचं डोकं किंचित मागे जायचं, तोंडातून "हं" असा आवाज यायचा आणि लगेच टाचेवर फिरून तो रिंगकडे सुटायचा. बचावातले दोघे गार्डकडे धावलेले असायचे आणि हा मोकळा. अर्धे वेळा गार्डला तो दिसायचाच नाही. तरी पुढच्या वेळी हा परत तिथेच उभा.

नव्या संघात गेल्यावर तो काय करतो हे मी पुण्यातल्या एका स्पर्धेत पाहिलं. सामना तासाभरावर, संघातल्या कोणाचं नाव माहीत नाही. वॉर्म-अप चालू असताना हा पॉइंट गार्डजवळ गेला आणि एवढंच विचारलं, "तुला बॉल कुठं पायजे?" गार्ड गोंधळला. त्याला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. मग त्याने उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. पहिल्या क्वार्टरमध्ये लंबूने त्याला तिथे एकामागून एक मोकळे शॉट काढून दिले. स्वतःचे गुण दोन की चार. सामना संपल्यावर त्या संघाच्या मॅनेजरने माझ्याकडे नंबर मागितला, तो त्या गार्डचा नाही, याचा.

फिरस्त्याला लागतो तो गुण हाच. दोन दिवसांत दुसऱ्याच्या घरात मावायचं, कोणाची जागा न घेता. ते त्याच्याकडे होतं.

उचल

२०१३ आणि २०१४ अशा दोन मोसमांत तो विद्यापीठाच्या संघात होता. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळला, दुसऱ्या वर्षी संघाने बरी मजल मारली, हातात फॉर्म तीनचं प्रमाणपत्र आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: केंद्राच्या नोकऱ्यांत खेळाचा दाखला ठरावीक नमुन्यातच चालतो. देशाकडून खेळलात तर फॉर्म एक, राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळलात तर दोन, विद्यापीठाकडून तीन, शालेय राष्ट्रीयसाठी चार. बाकी सगळी प्रमाणपत्रं, मग त्यावर कितीही सोनेरी नक्षी असो, भिंतीवर लावायची.

२०१५ मध्ये बी. ए. झालं. मी म्हणालो, एम. ए.ला नाव घाल, आणखी दोन मोसम विद्यापीठाकडून खेळ, सोबत जिल्ह्याकडून वरिष्ठ राज्य स्पर्धा खेळत राहा. तो "हो सर" म्हणाला आणि गेला.

त्या वर्षाकडे मागे वळून बघितलं की लक्षात येतं, गोंधळ फक्त त्याच्या डोक्यात नव्हता. वरच मोठा गोंधळ होता. २०१५ मध्ये बास्केटबॉल महासंघात फूट पडून दोन वेगळ्या निवडणुका झाल्या. एका गटाच्या अध्यक्ष पूनम महाजन, दुसऱ्याचे के. गोविंदराज. पुढे फिबाने, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेने, गोविंदराज यांच्या गटाला मान्यता दिली. त्याच साली युबीए नावाची खाजगी लीग सुरू झाली, त्यात पुणे पेशवाज नावाचा संघसुद्धा होता. आमच्या पोरांना वाटलं, आता क्रिकेटसारखं होणार. लंबू तिच्या निवड चाचणीला जाऊन आला, निवड झाली नाही. ती लीग २०१७ नंतर बंद पडली. घरदार सोडून तिच्या आशेवर बसलेली मुलं मला माहीत आहेत.

मग राहिल्या रोख बक्षिसांच्या स्पर्धा. महाराष्ट्रात त्यांची परंपरा जुनी आहे. मुंबईत नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएच्या मैदानावरची रामू मेमोरियल, माटुंग्याच्या डॉन बॉस्कोतली सॅव्हिओ कप, अशा स्पर्धांनी पिढ्या घडवल्या. अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे. भारताचे कर्णधार, १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते. त्या स्पर्धांची शान वेगळी. पण गेल्या पंधरा वर्षांत गावोगावी नेत्यांच्या वाढदिवसाच्या, मंडळांच्या, 'अखिल भारतीय निमंत्रित' अशा फलकाखालच्या स्पर्धा निघाल्या. संध्याकाळी दिवे, एलईडी पडदा, डीजे, आणि बाहेरून आणलेले खेळाडू. लंबू हा असा बाहेरून आणलेला खेळाडू. सामन्यामागे काही ठरलेले पैसे, राहणं-खाणं, जिंकलं तर बक्षिसात वाटा.

एका मॅनेजरने त्याला २०१६ च्या दसऱ्याला मोठी रक्कम आगाऊ दिली. अट अशी की मेपर्यंत तो सांगेल तिथे, सांगेल त्या संघाकडून खेळायचं. मी नाराज झालो, त्याला घेऊन बीडजवळच्या एका ढाब्यावर त्याच्या वडिलांना भेटलो. ते कारखान्यावर निघायच्या तयारीत होते. त्यांना करार वगैरे समजावून सांगायला लागलो, तर त्यांनी मलाच थांबवलं.

"सर, उचल घेतली का त्यानं?"

"घेतली."

"मंग हंगाम त्याचा झाला. आता मधूनच दुसरीकडं जाता येत न्हाई."

यावर मला बोलता आलं नाही. मुकादमाकडून उचल घेतली की सहा महिने कोयता त्याचा. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. पस्तीस वर्षं ते याच हिशेबात जगलेले. मुलाच्या हातात एकरकमी पैसे आले होते आणि त्यासाठी ऊस तोडावा लागणार नव्हता. त्यांच्या बाजूने बघितलं तर पोराने घराण्यातली सगळ्यात चांगली उचल मिळवली होती. त्यातून बहिणीचं लग्न ठरलं. याला पैशाचा नाद म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

पण उचलीने जे करायचं ते केलंच. जिल्ह्याच्या वरिष्ठ संघाची निवड चाचणी आणि मॅनेजरची खानदेशातली स्पर्धा एकाच तारखांना आल्या. लंबू खानदेशात गेला. पुढच्या मोसमातही तसंच. शिवाय एम. ए.ची परीक्षा दिलीच नाही, त्यामुळे विद्यापीठाचा रस्ताही बंद. २०१५ ते २०१७ या काळात तो त्याच्या आयुष्यातला सर्वोत्तम बास्केटबॉल खेळत होता आणि त्यातला एकही सामना कुठल्याही मान्य कागदावर नाही.

गुडघा

याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण ते प्रत्येक सिमेंटच्या मैदानावर घडतं. जानेवारी २०१८ मध्ये रिबाउंड घेऊन खाली येताना दुसऱ्याच्या पायावर पाय पडला आणि डाव्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला. मॅनेजरने रिक्षाचे पैसे दिले. ऑपरेशनचे पैसे वडिलांनी पुढच्या हंगामाची उचल घेऊन उभे केले. अशा ऑपरेशननंतर खेळाडूला पूर्ण जोमाने उतरायला नऊ महिने तरी लागतात. लंबूने ते सगळे पाळले. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात तो पहाटे एकटा पायऱ्या चढायचा-उतरायचा. गुडघा बरा झाला. वर्ष मात्र गेलं, आणि वय चोवीस झालं.

सिकंदराबाद

मराठवाड्याचा बराच मोठा भाग रेल्वेच्या नकाशावर नांदेड विभागात येतो, आणि नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत. मुख्यालय सिकंदराबाद. त्यामुळे औरंगाबाद, जालना, परभणीच्या पोराला रेल्वेची ट्रायल म्हटलं की पहिल्यांदा अजिंठा एक्स्प्रेस आठवते. बास्केटबॉलमध्ये रेल्वे हा देशातल्या मोठ्या मालकांपैकी एक. सेनादल, ओएनजीसी, चेन्नईतल्या बँका, पोलीस आणि रेल्वे, असे मोजकेच ठरलेले पगार देणारे संघ. म्हणजे आपल्याकडची खरी लीग हीच. फक्त तिच्यात शिरायचा दरवाजा पंचविशीला बंद होतो.

स्पोर्ट्स कोट्याचा हिशेब शंभर गुणांचा असतो. ट्रायलमधला खेळ, तंदुरुस्ती आणि प्रशिक्षकांचं मत मिळून चाळीस. त्यात पंचवीस मिळाले तर तुम्ही 'फिट', नाहीतर तिथेच निरोप. खेळातली कामगिरी, म्हणजे कागद, पन्नास. शिक्षणाला दहा. वयाची अट अठरा ते पंचवीस, आणि खुल्या जाहिरातीत तिला कुठलीच सवलत नाही. यातली पन्नास गुणांची ओळ नीट वाचली पाहिजे. कामगिरी धरायची ती चालू आणि त्याआधीच्या दोन आर्थिक वर्षांतली. त्याआधी तुम्ही काय केलं याला किंमत नाही. शिवाय स्पर्धा मान्यताप्राप्त हवी आणि पदाप्रमाणे ठरावीक क्रमांक हवा. देशातल्या स्पर्धांत नुसता सहभाग चालत नाही.

२०१८-१९ ची जाहिरात निघाली तेव्हा मोजणी १ एप्रिल २०१६ पासून सुरू होत होती. लंबूचं फॉर्म तीन त्याआधीचं. मुदतीत बसणारा एकच कागद त्याच्याकडे होता, २०१७ मधल्या एका 'अखिल भारतीय निमंत्रित' स्पर्धेतल्या उपविजेतेपदाचा. त्यावर महासंघाचा शिक्का नव्हता. मी म्हणालो, हे टिकायचं नाही, पण अर्ज भर, बोलावलं तर ट्रायल दे.

बोलावलं. तात्पुरत्या स्वरूपात, कागदपत्रांच्या छाननीच्या अधीन राहून, असं पत्रात लिहिलं होतं. तो गेला आणि दोन दिवस खेळला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला, आवाजात माझ्या ओळखीचा उत्साह. "सर, फिट निघालो. गुडघा काहीच बोलला न्हाई." रेल्वेच्या एका प्रशिक्षकाने त्याला बाजूला घेऊन विचारलं म्हणे, स्क्रीन कोणी शिकवली. याचा मला आनंद झाला नाही असं म्हणणार नाही.

मग छाननी झाली. कारकुनाने प्रमाणपत्र उलट-सुलट करून पाहिलं, आयोजकाचं नाव वाचलं, विचारलं, "फेडरेशन का लेटर है?" नव्हतं. त्याने प्रमाणपत्र परत दिलं. त्याचंही चुकलं असं नाही. महाराष्ट्रात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं गाजलेली आहेत, त्यामुळे कागद तपासणारा माणूस आता अक्षरावर अक्षर ठेवून वाचतो. लंबूने रामू मेमोरियलसारख्या नावाजलेल्या स्पर्धेत खेळून ते आणलं असतं तरी त्या टेबलावर निकाल हाच लागला असता.

ज्याने चाळीसपैकी पंचवीसची रेघ गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ओलांडली, तो पन्नासच्या रकान्यात शून्यावर बाद झाला. त्याच बॅचला निवड झालेला एक मुलगा मी नंतर एका स्पर्धेत खेळताना पाहिला. चांगला आहे. पण लंबूसमोर उभा केला तर दहा मिनिटांत दमेल. त्याच्याकडे कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेचं फॉर्म दोन होतं.

पुढची जाहिरात येईपर्यंत वय निघून गेलं.

जे प्रश्न मला विचारतात

सैन्यात का गेला नाही? बीड जिल्ह्यात हा प्रश्न येणारच, कारण आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला, आणि धावायला लागला ते त्यानंतर. त्याच्या बाबतीत नोकरी आधी आली आणि खेळ तिच्या पोटातून निघाला. उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) सारिका काळेने खो-खोत देशाचं नेतृत्व केलं, अर्जुन पुरस्कार मिळवला, पुढे राज्य सरकारची क्रीडा अधिकारी झाली. दोघांचा अभिमान आहेच. पण साबळेच्या शर्यतीत घड्याळ बोलतं, तिथे जिल्ह्याचा संघ कितवा आला हा प्रश्न नाही. खो-खोत धाराशिव हे नाव राज्यात आधीपासून वजनदार. बास्केटबॉलमध्ये मात्र राज्याचा संघ म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर. आमच्या भागातल्या एकट्या पोस्ट प्लेयरने कितीही स्क्रीन लावल्या तरी जिल्हा उपांत्य फेरीत जात नाही, आणि जिल्हा वर गेल्याशिवाय राज्याचे निवडकर्ते आमच्या मैदानाकडे वळत नाहीत.

राज्य सरकारचं पाच टक्के क्रीडा आरक्षण? आहे, आणि वयातही सवलत आहे. पण तिथेही क्रमांकाचं प्रमाणपत्र लागतं आणि विभागीय उपसंचालकांकडून त्याची पडताळणी. फिरून गाडी त्याच स्टेशनात. साध्या कोट्यातून पोलीस भरतीचा प्रयत्न त्याने एकदा केला. सोळाशे मीटरला गुडघा सुजला.

माझं मत विचाराल तर दोष खेळाडूच्या निवडीत कमी आणि मोजमापात जास्त आहे. तीन वर्षं आठवड्याला सामने खेळणाऱ्या माणसाची नोंद कुठेच होत नाही, आणि वर्षातून एकदा पाच दिवस बाकावर बसून आलेल्याला फॉर्म दोन मिळतो. राज्य संघटनेने जिल्ह्यातल्या रोख बक्षिसांच्या स्पर्धांना शुल्क घेऊन मान्यता दिली, पंच नेमले, गुणपत्रिका जपून ठेवल्या, तर निम्मा प्रश्न सुटेल. आयोजकांना ते परवडतं. डीजेपेक्षा पंच स्वस्त पडतो.

तीन विरुद्ध तीनमध्ये हे झालेलंच आहे. फिबाच्या थ्री-एक्स-थ्रीमध्ये नोंदणी झालेली कुठलीही स्पर्धा, अगदी तालुक्याची असली तरी, खेळाडूच्या जागतिक क्रमवारीच्या खात्यात जमा होते. गेल्या बारा महिन्यांतल्या सर्वोत्तम नऊ स्पर्धा धरतात. अर्धं मैदान, दहा मिनिटं किंवा एकवीस गुण, बारा सेकंदांत शॉट. कोणाकडून खेळलात याचा तिथे प्रश्नच नाही, खातं खेळाडूच्या नावावर. लंबूला हे २०१९ मध्ये मिळालं असतं तर रेल्वे मिळाली नसती, हे खरं. पण आपण काय खेळलो हे दाखवायला त्याच्याकडे काहीतरी राहिलं असतं.

सध्या

टाळेबंदीत स्पर्धाच बंद झाल्या. त्यानंतर वाळूजच्या एका कंपनीत तो कंत्राटी कामगार होता, औद्योगिक स्पर्धेत कंपनीकडून खेळायचं या तोंडी बोलीवर. कंत्राट संपलं, बोली संपली. मग चाकण, मग परत इकडे. आता लातूर जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत मानधनावर प्रशिक्षक आहे. शनिवार-रविवार थ्री-एक्स-थ्री खेळतो. गुडघ्याला पट्टा लावून, पण तशीच स्क्रीन लावतो. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रशिक्षण अभ्यासक्रम करायचा म्हणतोय, कारण त्याशिवाय शाळा मानधन वाढवत नाही.

गेल्या महिन्यात त्याने मला फोन केला तो स्वतःसाठी नव्हता. त्याच्या हाताखालून गेलेला एक मुलगा, सहा फूट तीन इंच, आता नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. लंबूला उचल देणाऱ्या मॅनेजरनेच त्यालाही गाठलंय. रक्कम तेव्हाच्या दुप्पट, अट तीच, मेपर्यंत.

"मग तू काय सांगितलंस?"

"मॅनेजरला म्हणलो, पोरगं ने, पर आंतरविद्यापीठ झाल्यावर. आन् विद्यापीठाच्या तारखा लागल्या की सोडायचं, हे लिहून दे."

"दिलं का?"

"सोडायचं कबूल केलंय, लिहून द्यायला तयार न्हाई. आन् उचल निम्मी करतो म्हणला."

मुलाच्या घरी आजोबांचं औषधपाणी चालू आहे, निम्म्या रकमेत भागत नाही. लंबूने स्वतःच्या मानधनातून थोडे दिले, मी थोडे दिले. तरी फरक राहतोच. मुलाने अजून मॅनेजरला होकारही दिलेला नाही आणि नकारही. पश्चिम विभागीयसाठी विद्यापीठाची निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे.